पान लागनं

आमच्या दवाखान्यानं पुष्कळ माणसं वाचवली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला कृतघ्न म्हणायला नको. म्हणणारे तरीही म्हणतील, त्याला माझा इलाज नाही. अडलेल्या बाया तिथं सुटल्या, हगवणीनं सुकलेली पोरं तिथं सलाइन लावून उठून बसली, जिनिंगच्या पट्ट्यात हात गेलेला मजूर तिथून जिवंत घरी गेला. हे सगळं खरं आहे. माझी वहिनी त्याच दवाखान्यापायी गेली, हेही खरं आहे. औषध नव्हतं म्हणून नाही, डॉक्टर नव्हता म्हणूनही नाही. औषध कपाटात होतं आणि डॉक्टर खुर्चीत होता.

अमळनेर आणि धुळ्याच्या मधलं आमचं बाजाराचं गाव. कापसाचा व्यापार, दोन जिनिंगा, एक हायस्कूल. दवाखाना होण्याआधी माणूस फार आजारी पडला की त्याला बैलगाडीत घालायचं आणि धुळ्याची वाट धरायची. पुष्कळ गाड्या अर्ध्या वाटेवरूनच परत यायच्या, आणि परत येताना घाई नसायची. मग साठ सालानंतर कधीतरी गावच्या व्यापाऱ्यांनी मनावर घेतलं. ही मूळची राजस्थानातली घरं, पण चार पिढ्या इथंच पेढीवर बसलेली. त्यांनी जागा दिली, पत्रे दिले. आजूबाजूच्या खेड्यांनी दगड आणि वाळू दिली. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणत असू, त्या उन्हाळ्यात बोरी नदीच्या पात्रातून गाडीनं वाळू वाहत होता. दवाखाना झाला तेव्हा दारावर संगमरवरी पाटी बसली आणि तिच्यावर देणगीदारांची नावं कोरली गेली. वाळूचं नाव कुठं कोरत नाहीत.

तरी खेड्यातले लोक त्याला ‘आपला दवाखाना’च म्हणायचे. जाताना घरून बाटली न्यायची, कंपाउंडर तिच्यात लाल औषध भरून द्यायचा आणि बाटलीवर कागदाची खाचा पाडलेली पट्टी चिकटवायचा, एका खाचेला एक डोस. घाईत कुणी घासलेटाची बाटली न धुता आणली की कंपाउंडर तिचा वास घेऊन सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असा उद्धार करायचा. देवीची लस तिथं टोचत, क्षयाच्या गोळ्या तिथं मिळत, हिवाळ्यात डोळ्यांचं शिबिर भरे. पुढं नसबंदीची शिबिरं भरायला लागली तेव्हा पुरुषमंडळींनी काही महिने त्या रस्त्यानं जाणंच सोडलं होतं.

पहिले डॉक्टर म्हातारे होते. त्यांच्याकडे शिस्त म्हणून नव्हती. त्यांच्या टेबलाभोवती सगळे पेशंट एकदमच उभे राहायचे. एकाची नाडी चालू असताना दुसरा जीभ बाहेर काढून तयार असायचा. कुणाच्या पोटात काय आणि कुणाला कुठं काय झालंय, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक व्हायचं. लाजलज्जा काही उरायची नाही. पण एक होतं. एखादी म्हातारी काय म्हणतेय ते डॉक्टरांना कळलं नाही, की भोवतीचे दहा जण एका सुरात समजावून सांगायचे. त्या गलक्यातून आजार बरोबर डॉक्टरांच्या कानात पोचायचा.

ते गेले आणि त्यांच्या जागी नवे डॉक्टर आले. पुण्याकडचे, तरुण, हुशार, कामाला वाघ. त्यांनी आल्या आल्या टेबलाभोवतीची जत्रा मोडली. पत्र्याचे बिल्ले आले, बिल्ल्यावर आकडा. आकडा पुकारला की एक पेशंट आणि सोबत एक माणूस आत, आणि मागं दार बंद. ओसरीत ‘शांतता राखा’ अशी पाटी. आम्ही शिकलेली मंडळी खूश झालो. दवाखाना आता दवाखान्यासारखा दिसतो, असं हायस्कुलातल्या मास्तरांच्या खोलीत एकमतानं ठरलं. मी तिथं मराठी शिकवत असे, तेव्हा माझं मत त्यात होतंच.

डॉक्टरांना आमची अहिराणी कळत नसे. सुरुवातीला त्याची गंमतच वाटायची. आमच्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो. पोटात कळ येते म्हणायचं तर ‘पोटमा कय निंघस’ म्हणतात. एका शेतकऱ्यानं तसं सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, “पोटातून काय निघतं?” तो म्हणाला, “कय.” डॉक्टर म्हणाले, “तेच विचारतोय मी, काय?” तो म्हणाला, “हां, कय!” शेवटी त्याला जंताचं औषध मिळालं. हा किस्सा गावात महिनाभर पुरला. व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर तो सांगितला गेला, आम्ही मास्तरांनी सांगितला, स्वतः डॉक्टरांनीही हसत हसत सांगितला. त्या शेतकऱ्याच्या पोटाचं पुढं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

आता वहिनीबद्दल. माझी आई मी लहान असतानाच गेली. दादाचं लग्न लवकर उरकलं ते घरात भाकरी थापायला कुणी हवं म्हणून. वहिनी आली तेव्हा तीही पोरच होती. तिनं मला न्हाऊमाखू घातलं, खोड्या केल्यावर बडवलं आणि शाळेला पाठवलं. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. पुढं मी शिकून मास्तर झालो, बाजारच्या गावी खोली घेऊन राहू लागलो आणि रविवारी खेड्यात घरी जाऊ लागलो. बोलताना कधी माझ्या तोंडून ‘शे’च्या जागी ‘आहे’ निघून जाई. मग वहिनी पदर तोंडाला लावून म्हणे, “उनात का आमना आहेमास्तर!” शेजारणींनाही तिनं ते नाव शिकवून ठेवलं होतं. मी चिडायचो, आणि मी चिडतो म्हणून ती आणखी म्हणायची. घरात शिरताना मी जिभेवरची शाळा उतरवून ठेवायला शिकलो तो तिच्या धाकानं. तिला मूल झालं नाही. त्यावरून लोकांनी तिला जे ऐकवायचं ते ऐकवलं, पण दादानं कधी एक शब्द काढला नाही.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर दवाखान्याच्या कमिटीनं सापाच्या विषावरचं इंजेक्शन आणून ठेवलं. ही फार मोठी गोष्ट होती. तोवर साप चावलेल्या माणसाला देवळाच्या ओट्यावर भगतापुढं नेत, रात्रभर डफ वाजे, कडुलिंबाचा पाला चावायला देत. वाचला तर भगताची पुण्याई, मेला तर त्याचं नशीब. दवाखान्याच्या दारावर पाटी लागली, ‘येथे सर्पदंशावर उपचार केले जातात.’ पाटी छान होती. पण वाचणार कोण? म्हणून कमिटीनं आम्हा मास्तरांना सांगितलं, आपापल्या खेड्यात जाऊन लोकांना समजावा.

इथं एक सांगायला हवं. आमच्याकडे ‘साप चावला’ असं म्हणत नाहीत. ज्याला चावला त्याच्यासमोर तर नाहीच नाही. नाव घेतलं की विष चढतं, अशी समजूत. म्हणून म्हणायचं, पान लागलं. अहिराणीत, पान लागनं. लहान पोरालाही ते कळतं, त्यासाठी कुणाला काही समजवावं लागत नाही. मी आमच्या गावच्या पारावर उभा राहून लोकांना त्यांच्याच भाषेत सांगितलं, “कोनले पान लागनं ते भगतकडे जावानं नही. डायरेक दवाखानामा जावानं नि सांगानं, पान लागनं.” लोकांनी माना डोलावल्या. वहिनी बायांच्या घोळक्यात बसली होती. त्या दिवशी मी एकदाही ‘आहे’ म्हटलं नाही म्हणून तिनं माझं कौतुक केलं.

पोळ्याच्या आधीचे दिवस होते. सकाळी चूल पेटवायला वहिनी अंगणातल्या ढिगातून कपाशीच्या वाळल्या काड्या ओढत होती. ढिगात मण्यार होती. ती बोटाला चावली आणि काड्यांत शिरली. वहिनीनं ती नीट पाहिली. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, सुजत नाही, नुसते दोन बारीक ठिपके राहतात. वहिनी ओरडली नाही की रडली नाही. आत येऊन दादाला एवढंच म्हणाली, “माले पान लागनं.” बोटाला हळद चेपली. दादानं तिच्या दंडावर पदराची चिंधी घट्ट बांधली, वर देवाचा काळा दोराही बांधला आणि गाडी जुंपली.

वाटेत देऊळ लागतं. तिथं दोन म्हाताऱ्यांनी गाडी अडवली आणि भगताला हाक मारायला माणूस धाडू म्हणाले. दादा म्हणाला, “मना भाऊनी सांगेल शे, दवाखानामा जावानं.” आणि त्यानं बैल हाकले. आमच्या गावातून पान लागल्यावर दवाखान्यात जाणारी वहिनी पहिलीच होती. ती स्वतःच्या पायांनी पायऱ्या चढली. पोटात दुखायला लागलं होतं, एकदा उलटी झाली होती आणि पापण्या जड झाल्या होत्या. दादानं बिल्ला घेतला. ओसरीत गर्दी होती, पण शांतता राखायची होती, म्हणून त्यानं कुणाला काही सांगितलं नाही आणि कुणी त्याला काही विचारलं नाही. आकडा पुकारला, ते दोघं आत गेले आणि दार बंद झालं.

आत काय बोलणं झालं ते मला नंतर दादाकडून कळलं, आणि डॉक्टरांकडूनही. दोघांच्या सांगण्यात एका शब्दाचा फरक नव्हता.

“काय झालं?”

“हिले पान लागनं, साहेब.”

“पान लागलं? कसलं पान?”

दादाला डॉक्टरांचं फार कौतुक वाटलं. एवढा शिकलेला माणूस, पण रीत जाणतो, नाव न घेता जात विचारतो. तो म्हणाला, “कायं, साहेब. कायं कुट्ट.”

काळं पान म्हणजे तंबाखूचं, हे डॉक्टरांनी मनात पक्कं केलं. “याआधी कधी?”

“नही साहेब. पयलांदाच.”

“पहिल्यांदाच ना, म्हणून लागलं. उपाशीपोटी होती का?”

“हां साहेब. चुल्हाबी पेटना नव्हता.”

“मिश्री लावते?”

खेड्यातली कुठली बाई तेव्हा मिश्री लावत नव्हती? दादा म्हणाला, लावते. झालं. तंबाखूनं चक्कर येते, मळमळतं, डोळे मिटतात, आणि वहिनीला हे सगळंच होत होतं. हळदीचं बोट डॉक्टरांनी पाहिलं, पण शेतात राबणाऱ्या बाईच्या हातावर ओरखडे आणि हळद रोजचीच. दंडावरची चिंधी आणि दोराही पाहिला. आमच्या लोकांच्या अंगावर गंडेदोरे पाहून पाहून ते कावलेले होते. “आधी हे काढा,” म्हणाले आणि स्वतःच कात्रीनं दोन्ही कापून टाकलं. त्या बांधण्यानं मण्यारीचं विष काही थांबत नाही, असं हल्ली म्हणतात. असेल. पण दादाच्या डोळ्यांसमोर ती चिंधी कापली गेली, आणि त्याला वाटलं, आता यांचं औषध सुरू झालं.

“लिंबूपाणी पाजा,” डॉक्टर म्हणाले. “आणि ओसरीत निजवा. झोपू द्या तिला. उतरेल.”

उतरेल! भगतसुद्धा हेच म्हणतो. विष चढतं आणि विष उतरतं, दादाला दुसरा अर्थ कुठून सुचणार?

दादानं तिला ओसरीत बाकावर निजवलं. पान लागलेल्या माणसाला झोपू द्यायचं नसतं, हे खेड्यात सगळ्यांना माहीत असतं. म्हणून तो तिला हलवत राहिला, “ए, जपू नको, उठ ना, मनासंगे बोल,” म्हणत राहिला. नर्स बाहेर आली आणि तिनं पाटीकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी झोपू द्या म्हणून सांगितलंय, मग उठवता कशाला, म्हणून रागे भरली. दादा गप्प झाला. आपण अडाणी, ही मोठी माणसं, त्यांना ठाऊक. तो बाकाशेजारी जमिनीवर बसला आणि पंच्यानं तिला वारा घालत राहिला. त्या ओसरीत तेव्हा वीस-पंचवीस माणसं बसली होती. त्यातल्या कुणाही एकाच्या कानावर ते दोन शब्द पडले असते, तर आरडाओरडा करून त्यानं दार फोडलं असतं.

आमच्या गावचा एक माणूस बाजाराला आला होता. दवाखान्यासमोर दादाची गाडी बघून तो शाळेत आला. मधली सुट्टी झाली होती. तो मला म्हणाला, “तुमनी वहिनीले पान लागनं, दवाखानामा लई येल शेत.” मी धावत निघालो. धावताना मला भीती वाटत होती, पण खरं सांगतो, थोडं बरंही वाटत होतं. ओट्यावर नाही, दवाखान्यात आणलीय. आता इंजेक्शन दिलं असेल.

वहिनी बाकावर पडली होती. पापण्या मिटलेल्या, तोंडाच्या कडेनं लाळ आलेली, छाती अगदी जराशी हलत होती. दादा मला बघून हसला. म्हणाला, “जपनी शे. डाक्टर म्हनस, उतरी जाई.” मी विचारलं, इंजेक्शन कुठं दिलं? तो म्हणाला, इंजेक्शन नाही दिलं, लिंबूपाणी दिलं.

मी दार ढकलून आत शिरलो. आत कुणी बाई तपासायला होती, ती किंचाळली. मी ओरडलो, “साप! तिला साप चावलाय! पान लागलं म्हणजे साप चावला, एवढंही कळत नाही का तुम्हाला?” डॉक्टरांचा चेहरा जो उतरला तो मी जन्मभर विसरणार नाही. पुढं त्यांनी एक क्षण वाया घालवला नाही, हे मला कबूल करावं लागतं. कपाट उघडलं, इंजेक्शनं शिरेतून दिली, वहिनीला टेबलावर घेतलं. पण श्वास थांबत चालला होता. श्वास देणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं, धुळ्याला असेल तर असेल. जिनिंगवाल्या शेठजींची जीप मागवली. डॉक्टर तिच्यात वहिनीशेजारी गुडघे टेकून बसले आणि कधी हातानं छाती दाबत, कधी स्वतःच्या तोंडानं तिच्या तोंडात हवा भरत राहिले. धुळं दिसायला लागलं तेव्हा त्यांनी ते थांबवलं. ते रडत होते. दादा नव्हता रडत, त्याला अजून कळलंच नव्हतं.

माझा राग कुठं काढावा ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. तो डॉक्टर दारुडा असता, आळशी असता, पैसेखाऊ असता, तर मी त्याच्या नावानं सुखानं शिव्या दिल्या असत्या. पण तो भला माणूस होता. भल्या माणसानं, स्वच्छ खोलीत, दार बंद करून माझ्या वहिनीला मारलं. आणि गाव सोडून जाण्याआधी त्यानं मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती सांगितली नसती तर बरं झालं असतं. मण्यारीच्या विषानं माणूस झोपत नाही, म्हणाला. पापण्या उचलत नाहीत, जीभ हलत नाही, पण आतून माणूस जागा असतो. सगळं ऐकू येत असतं. म्हणजे ‘झोपू द्या’ हेही तिनं ऐकलं होतं. दादाचा आवाज ऐकला होता आणि तो गप्प झाला तेही तिला कळलं होतं. ओसरीत किती शांतता होती, हे तिच्याइतकं कुणालाच कळलं नसेल.

दिवसकार्य झाल्यावर कमिटीची बैठक झाली, मलाही बोलावलं. अध्यक्षांना सगळे आबा म्हणत. आबा फार हळू आवाजात बोलले. झालं ते वाईट झालं, पण यात तसा दोष कुणाचा नाही. डॉक्टर परके, लोक अडाणी. तुमचे लोक जरा नीट बोलले असते तर हा प्रसंग आला नसता. मी म्हणालो, आबा, पेढीवर कापसाचा भाव पाडताना तुम्हाला आमच्या लोकांची बोली बरोबर कळते. मग मी म्हणालो, डॉक्टरांच्या टेबलावर एक पुठ्ठा ठेवा आणि त्यावर हे आमचे शब्द अर्थासकट लिहा, मी लिहून देतो. आणि दार उघडं ठेवा. यावर एकानं सांगितलं, दार उघडं ठेवलं तर पुन्हा पहिल्यासारखी जत्रा होईल. दुसरा म्हणाला, डॉक्टरांनी आता खेडवळ बोली शिकायची काय? डॉक्टर खाली मान घालून बसले होते. वर्षाअखेर ते नोकरी सोडून गेले.

बैल गेला नि झोपा केला म्हणतात. आमच्या कमिटीनं झोपासुद्धा भलत्याच दाराला केला. ठराव झाला तो असा, की ओसरीत एक पाटी लावावी, ‘रुग्णांनी आपली तक्रार स्पष्ट व शुद्ध भाषेत सांगावी.’ आणि मजकूर तपासून सुवाच्य अक्षरात लिहून द्यायला मराठीचे शिक्षक म्हणून त्यांनी मलाच सांगितलं. मी उठून बाहेर आलो. पाटी मग ड्रॉइंगच्या मास्तरांनी रंगवली. लाल अक्षरं, खाली वेलबुट्टी. वाचता न येणाऱ्या माणसांना शुद्ध बोला म्हणून सांगणारी ती पाटी कित्येक वर्षं तिथं होती. खाली बसलेल्या बाया तिच्याकडे बघून कपाळाला हात लावायच्या, देवाचं काही लिहिलं असेल म्हणून.

पुढच्या पावसाळ्यात आमच्या गावात एका गड्याला पान लागलं. त्याला भगताकडे नेलं. मी रविवारचा घरी होतो, आडवा गेलो, हातापाया पडलो. एका म्हाताऱ्या नानांनी मला बाजूला घेतलं आणि शांतपणे म्हणाले, “भगत मारस, माले मालूम शे. पन मानूस काय म्हनस ते ते त्याले समजस ना?” गडी मेला. भगतावर कुणी रागावलं नाही, आणि दवाखान्यात तर गड्याचं नावही गेलं नाही.

दादा त्यानंतर फारसा बोलत नसे. शेती करी, स्वतः भाकरी थापून खाई. दुसरं लग्न कर म्हणून लोक मागं लागले, त्यांना तो हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. अंगणात त्यानं पुन्हा काड्या रचल्या नाहीत. मी रविवारी जायचो, आम्ही दोघं ओट्यावर बसायचो, पीकपाण्याचं बोलायचो. तिचा विषय त्यानं एकदाच काढला. संध्याकाळ होती, तो बैलांपुढं कडबा टाकत होता. माझ्याकडे पाठ होती.

“एक इचारू? तू मास्तर शे, तुले मालूम ऱ्हाई. त्या रोज मी साप म्हनी टाकतू, ते ती वाची जाती का?”

उत्तर मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, ती चालत आत आली तेव्हा पुष्कळ वेळ हाताशी होता. तिच्यासमोर त्या जनावराचं नाव घ्यायचं नाही, विष चढू नये, एवढ्या एका काळजीनं दादानं तो शब्द गिळला होता.

मी म्हणालो, “नाही दादा. विष फार भिनलं होतं. कुणाच्याच हातात काही राहिलं नव्हतं.”

दादा वळला. हातातली पेंढी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिला.

“आसा बोलस का तू कधी मनासंगे?” तो म्हणाला. “आपली बोलीमा सांग.”

मी तोंड उघडलं. “नही दादा,” एवढं आलं. पुढचं काही केल्या येईना.

त्यानं पेंढी बैलापुढं टाकली.

“ऱ्हाऊ दे,” म्हणाला. “समजनं माले.”